दोन मिली पाणी

माझ्या हाताला माप आहे असं हॉस्पिटलात सगळे म्हणायचे, आणि मला ते ऐकायला फार आवडायचं. सिरिंज डोळ्यांसमोर धरून दट्ट्या ओढला की तो हव्या त्याच रेघेवर थांबायचा, केसभरसुद्धा पुढेमागे नाही. नव्या पोरींना मी या एका गोष्टीवरून इतकं फैलावर घ्यायचे की पाठीमागे त्या मला 'काटा' म्हणायच्या. मला ते कळलं होतं आणि मी मनातून खूषच होते.

ते हॉस्पिटल नवी पेठेच्या मागच्या गल्लीत होतं. खाली चादरींचं दुकान, वर आम्ही. लहान मुलांच्या बारा खाटा आणि एका टोकाला काचेची खोली, तिच्यात दिवस न भरलेल्या बाळांसाठी चार पेट्या. मी जेऊरहून नर्सिंग शिकायला सोलापुरात आले आणि इथलीच झाले. ही गोष्ट घडली तोवर पंधरा वर्षं मी बाळंच सांभाळत होते. आता ते हॉस्पिटल बंद झालंय आणि त्या जागी मोबाईलची दुकानं आहेत, पण गल्लीतून जाताना मी अजून वर बघत नाही.

एप्रिलचा महिना होता. दुपारी खिडकीचा गजसुद्धा हाताला चटका द्यायचा. अशा एका दुपारी दोन जुळे मुलगे आले, सातव्या महिन्यात जन्मलेले. दोघांच्या रक्तात जंतू पसरलेले. आईला दुसऱ्या दवाखान्यात टाके घालून निजवलेलं, तिलाही ताप. बाप भवानी पेठेत यंत्रमागावर, सुट्टी मिळणं मुश्कील. तेव्हा बाळांबरोबर बसायला आली ती बापाची थोरली विधवा बहीण. तिला सगळे आत्या म्हणत, मीही आत्याच म्हणू लागले. घरात तेलुगू बोलणारं विणकरांचं कुटुंब होतं ते, पण आत्याचं मराठी इथल्या मातीतलंच होतं. तिने उभी हयात सुताला पिठाची खळ लावण्यात काढली होती. बोटांच्या पेरांना भेगा, नखं झिजलेली. ती काचेबाहेरच्या स्टुलावर बसायची आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत आत बघत राहायची. तिच्या त्या बघण्याचा मला पहिल्या दिवसापासून वैताग आला होता.

बाळांच्या पायाला आम्ही चिकटपट्टी लावली. आधी जन्मला तो एक नंबर, मागून आला तो दोन नंबर. एक नंबर थोडा अंगाने मोठा, त्याच्या नाकाखाली बारीकसा फोड होता. दोन नंबर अगदी मुठीएवढा.

औषध डॉक्टरांनी लिहून दिलं, अर्धी वायल एकाला, अर्धी दुसऱ्याला, सकाळ-संध्याकाळ. हे औषध द्रव मिळत नाही. गोठवून वाळवलेली पावडर असते, वायलच्या, म्हणजे इवल्याशा बाटलीच्या, बुडाशी बत्ताशासारखी चिकटून बसलेली. रबरी बुचातून सुई घालून तिच्यात पाणी सोडायचं, बाटली तळहातांत फिरवायची, की बत्ताशा ढासळतो आणि काही क्षणांत पाणी पुन्हा स्वच्छ दिसतं. मला ते बघायला आवडायचं. आमच्याकडे दोन मिली पाणी घालायची पद्धत होती. ती कोणी घालून दिली कोण जाणे, मी आले तेव्हापासून होती. दोन मिली पाणी म्हणजे अर्धी वायल एक मिली, डोकं खाजवायला नको.

मग मी एक मिली मोजून काढायचे, अगदी रेघेवर. ते एक नंबरच्या मोठ्या सिरिंजमध्ये घालून सलाईनने दहापर्यंत भरायचे. वायलमध्ये उरलेलं दुसऱ्या मोठ्या सिरिंजमध्ये ओढून घ्यायचे आणि तीही सलाईनने दहापर्यंत भरायचे. एका वायलमध्ये दोघांचं भागत असताना दोन वायली कशाला फोडा? दोन्ही सिरिंजा औषध हळूहळू सोडणाऱ्या मशीनला लावल्या की शेजारी शेजारी सारख्या दिसायच्या. सारखाच रंग, सारखीच उंची. दोन्ही वेळचं औषध मीच काढायचे, दुसऱ्या कुणाच्या हातात देत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी औषध बनवत असताना आत्या दारापर्यंत आली. दार अर्धवट उघडं होतं. तिची नजर माझ्या हातातल्या वायलवर होती. आमच्या खळीत पीठ टाकलं की, असं काहीतरी ती सांगायला लागली. मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"आत्या, हे औषध आहे, खळ नाही. तुम्ही बाहेर बसा."

ती गेली. शिकाऊ पोरगी फिस्सकन हसली आणि मलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी एक नंबर खालावायला लागला. ताप हटेना. कातडीवर जाळीसारखे निळसर डाग उमटले. नळीतून दिलेलं दूध पोटात तसंच राहायचं. लघवी थेंब थेंब. दिवस न भरलेलं बाळ रडत नाही तेव्हा मला भीती वाटते, आणि हे बाळ तर रडायचंच विसरलं होतं. शेजारच्या पेटीत दोन नंबर, त्याच्याहून लहान, त्याच आजाराचा, तोच डॉक्टर, तेच औषध, आणि त्याचा रंग मात्र परतत होता. डॉक्टर दोन्ही तक्ते शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले. म्हणाले, मोठ्यालाच झेपत नाहीये, असं कसं? मी म्हटलं, बाळांचं काही सांगता येत नाही, सर. मी हे इतक्या सहज म्हटलं होतं.

त्या संध्याकाळी बाप आला तेव्हा डॉक्टरांनी त्याला बाजूला नेऊन सांगितलं की मोठ्याची आशा कमी आहे. तो काचेवर हात ठेवून उभा राहिला, गेला तेव्हा काचेवर पंजाचा ठसा राहिला होता. आत्याने तो पदराने पुसला.

चौथ्या दिवशी सकाळी मी वायल हातात घेतली आणि आत्या पुन्हा दारात. या वेळी ती हलली नाही. म्हणाली, तुम्ही चुकीच्या पोराला आधी देताय. आमच्यात जो मागून बाहेर येतो तो थोरला, कारण पोटात तो आधी आलेला असतो. आधी मान त्याचा. औषधसुद्धा आधी त्यालाच द्यायचं, ह्याला मागून.

माझं डोकं फिरलं. पोर मरायला टेकलंय आणि हिला मानपान सुचतोय. मी चांगलीच तणतणले. पण ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, न चिडता, भिंतीशी बोलल्यासारखी. शेवटी डॉक्टर आले. दोघांना एकाच वायलमधलं अर्धं अर्धं जातंय, मग आधी कोण आणि मागून कोण याने काय फरक पडतो, करा म्हणाले तिच्या मनासारखं, निदान शांत बसेल. त्या दिवसापासून मी मोजलेलं एक मिली दोन नंबरला द्यायला लागले आणि उरलेलं एक नंबरला.

पाचव्या दिवशी दुपारी एक नंबर रडला. बारीक, चिरका आवाज, पण रडला. ताप उतरणीला लागला होता. डाग फिकट झाले. सगळा वॉर्ड आत्याकडे आदराने बघायला लागला. झाडूवाली मावशी तर तिच्या पाया पडली. मी नाक मुरडलं. पण सहाव्या दिवशी दोन नंबरने दूध टाकलं. संध्याकाळी त्याचं अंग तापलं, आणि सातव्या दिवशी सकाळी त्याच्या पोटावर तीच निळसर जाळी होती.

मी पेटीपाशी उभी होते. जो आधी औषध घेतो तो खाली जातो. हे वाक्य माझ्या मनात आपोआप तयार झालं आणि मला ते पुसता येईना. मी शिकलेली बाई. व्रतवैकल्यं करणाऱ्या पोरींची मी टिंगल करायचे. आणि त्या सकाळी मला खरोखर वाटलं की या दोन पोरांमध्ये काहीतरी आहे, एकाचा जीव दुसऱ्याला जातोय, आणि ते माझ्या हातून जातंय. हात धुताना मी नळ बंद करायचा विसरले.

त्या दिवशी मोठ्या सिरिंजा संपल्या होत्या. औषधांच्या दुकानातून यायला वेळ होता आणि औषधाची वेळ झाली होती. दोन नंबरचं एक मिली काढून झाल्यावर उरलेलं औषध मी दोन मिलीच्या लहान सिरिंजमध्ये ओढलं. दट्ट्या एकच्या रेघेवर आला आणि थांबला नाही. तो पुढे गेला. वायल रिकामी झाली तेव्हा सिरिंजमध्ये एक पूर्णांक चार दशांश मिली होतं.

मी ती डोळ्यांसमोर धरली. बुडबुडा असेल म्हणून टिचक्या मारल्या. बुडबुडा नव्हता. आधीचं एक मिली मी पुन्हा तपासलं, ते बरोबर एकच होतं. पाणी जास्त घातलं म्हणावं, तर पाणी मी घातलं होतं, आणि माझ्या हाताला माप होतं.

कपाटात त्याच औषधाच्या मुदत संपलेल्या दोन वायली परत पाठवायला ठेवल्या होत्या. मी शिकाऊ पोरीला बाहेर पाठवलं आणि त्यातली एक फोडली. दोन मिली पाणी मोजलं, तीनदा बघितलं, आत सोडलं. बत्ताशा विरघळला. पाणी स्वच्छ झालं. सगळं बाहेर ओढलं तर दोन पूर्णांक चार. दुसरी फोडली, पुन्हा दोन पूर्णांक चार.

हे वरचं पाणी आलं कुठून? कुठूनच नाही. ती पावडर होती. विरघळली, दिसेनाशी झाली, म्हणून मी ती जागाच घेत नाही असं धरून चालले होते. चहाच्या आधणात साखर घातली की पातेल्यातली पातळी वर येते, हे रोज सकाळी माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. वायलच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो, आम्ही तो खोक्याबरोबर टाकून देतो. मी केराच्या बादलीतून तो काढला आणि उलगडला. मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की पाणी घातल्यावर एकूण किती भरतं आणि एका मिलीत औषध किती असतं. पंधरा वर्षांत मी तो वाचला नव्हता.

हिशोब सरळ होता. सगळ्या वायलचे चोवीस वाटे केले तर पहिल्या बाळाला मी दहा देत होते आणि दुसऱ्याला चौदा. मी अर्धं देत नव्हते, अर्ध्याचं माप देत होते. पहिले तीन दिवस दहा वाट्यांवर एक नंबर मरायला टेकला. नंतरचे तीन दिवस दोन नंबर त्याच वाटेने निघाला होता. आजार इतका जोरात असताना पुरेशा आणि अपुऱ्या औषधाच्या मधे फार जागा नसते.

आणि चौदा वाट्यांची गोष्ट वेगळीच. हे औषध अंगात जास्त साठलं तर मूत्रपिंडांवर जातं आणि कानांवर जातं. नर्सिंगला शिकताना हे आमच्याकडून घोकून घेतलं होतं. जे बाळ लघवीच करत नाही त्याच्या अंगातून ते बाहेर पडायला वाट नसते. एक नंबरची लघवी तिसऱ्या दिवशी थेंब थेंब होती, आणि चौथ्या दिवसापासून त्याला मी उरलेलं सगळं देत होते.

मी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि सिरिंज त्यांच्या टेबलावर ठेवली. काय झालं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, कागद वाचला, चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. पण त्या दिवशी मी त्यांना घाबरलेलं पाहिलं. त्यांनी ताबडतोब मापं बदलली, आता एक पूर्णांक सहा पाणी घालायचं म्हणजे एकूण दोन भरेल. एक नंबरच्या औषधाची वेळ पुढे ढकलली. मग म्हणाले, घरच्यांना आत्ताच काही बोलू नका, मी योग्य वेळी सांगेन. मी मान हलवली. मला तेच हवं होतं, हे मी आज कबूल करते.

दोघंही जगली. दोन नंबरचा ताप तीन दिवसांत उतरला. महिन्याने ती दोन पोरं टोपडी घालून घरी गेली, आणि बापाने सगळ्या मजल्याला पेढे वाटले. मी माझा पेढा टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याला मुंग्या लागल्या तेव्हा मावशीने तो टाकून दिला. डॉक्टरांची योग्य वेळ काही आली नाही.

नवव्या महिन्यात आई दोघांना गोवराच्या लसीला घेऊन आली, बरोबर आत्या. पोरं गुटगुटीत झाली होती. मी ट्रे उचलला आणि तो माझ्या हातून निसटला. स्टीलचा ट्रे, फरशीवर, बंद खोलीत. दोन नंबर दचकून किंचाळला. एक नंबर आईच्या मांडीवर पडून वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत हसत राहिला.

आईने माझ्याकडे पाहिलं. तिलाही घरी शंका आली असणार, तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. मी खाली वाकून चमचे, वाट्या गोळा करत बसले, गरजेपेक्षा जास्त वेळ.

तपासण्या झाल्या. दोन्ही कान जवळजवळ गेलेले. डॉक्टर म्हणाले, दिवस न भरलेल्या बाळांचे कान असेही जातात, आजाराने जातात, दोन नंबरलाही पहिले तीन दिवस जास्तच गेलं होतं आणि त्याचे कान शाबूत आहेत, तेव्हा खात्रीने काहीच सांगता येणार नाही. हे खरं आहे. मी ते मनात इतक्यांदा म्हटलंय की आता त्याला चव राहिलेली नाही.

घरच्यांना मात्र खात्री होती. आत्याने आधी जन्मलेल्या थोरल्या पोराचा मान काढून धाकट्याला दिला, तेच त्याला बाधलं, असं सगळे म्हणू लागले. आईनेच मला हे सांगितलं, पुढच्या लसीच्या वेळी. या वेळी आत्या आली नव्हती. आत्याला पोरांना हात लावू देत नाही म्हणाली, थोरल्याच्या वाटणीचं हिने दिलं दुसऱ्याला. मी सुई भरत होते. माप बरोबर आलं. मी काही बोलले नाही.

सात वर्षं मी काही बोलले नाही. मग या मे महिन्यात नवी पेठेत ती दोन पोरं दिसली. बापाबरोबर शाळेचे बूट घ्यायला आली होती. नाकाखालचा फोड आता नव्हता, पण एकाच्या दोन्ही कानांमागे यंत्रं होती आणि दुसऱ्याने त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. मागून रिक्षा हॉर्न वाजवत आली. धरणाऱ्याने ओढलं, दुसरा त्याच्या अंगावर आदळला आणि का ओढलं म्हणून त्याला गुद्दा घातला. बापाने मला ओळखलं आणि हात जोडले. त्या जोडलेल्या हातांनी माझी झोप गेली.

दोन दिवसांनी सकाळी मी भवानी पेठेत विचारत विचारत आत्याच्या खोलीवर गेले. ती आता भावाच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहते. सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. मला बघून उठायला लागली, मी खाली बसवलं. पाणी नको म्हटलं. एवढं अंतर चालून येताना मनात जुळवलेली सगळी वाक्यं विसरले आणि एकदमच सांगून टाकलं, की आत्या, क्रम बदलल्यामुळे काही झालं नाही, चूक माझी होती, औषध मी चुकीचं वाटत होते, पहिल्याला कमी आणि दुसऱ्याला जास्त. तुमच्यामुळे तर तो वाचला. मी हे तुमच्या घरी येऊन सगळ्यांना सांगते, आज सांगते.

तिच्या बोटांत अर्धी वळलेली विडी होती. ती तिने पुरी वळली, दोरा बांधला आणि सुपात ठेवली.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "खळीत पीठ पडलं की पानी वर चढतंय. म्हणून आमी आदी पीठ घालतो आनि मागनं पानी, खुणेपत्तुर. तुमी एकाला मोजून घ्यायच्या आनि दुसऱ्याला उरलेलं. उरलेलं निम्मं नसतंय, सिस्टर. त्येच सांगाय आलते मी."

मानाची ती गोष्ट, थोरला, धाकटा, पोटात आधी कोण आलं, ते सगळं मग काय होतं, असं मी कसंबसं विचारलं.

"तुमी आयकंना की. मग काय तरी सांगाय पायजे हुतं. पोरगं मरत हुतं, त्याला जास्तीचं मिळावं म्हणून केलं मी." ती सुपाकडे बघत राहिली. मग तिने पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. "जास्ती गेलं तर कान जातात, ह्ये मला ठावं न्हवतं. तुमाला ठावं हुतं न्हवं?"

मी हो म्हणाले.